ज्याची नोंद, त्याला मदत: आयोवातल्या सू काउंटीतले वराहपालक आणि 2020 ची महामारी-मदत

12 एप्रिल 2020 हा ईस्टरचा रविवार होता. त्या दिवशी स्मिथफील्ड कंपनीने अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातला, सू फॉल्स शहरातला आपला कत्तलखाना बेमुदत बंद करत असल्याचं जाहीर केलं. तिथे सुमारे 3,700 लोक काम करत होते आणि दिवसाला 19,500 च्या आसपास डुकरं कापली जात होती. अमेरिकेतल्या एकूण डुकराच्या मांसापैकी चार ते पाच टक्के मांस या एका इमारतीतून बाहेर पडायचं. कारखान्यात कोविड पसरला होता. सुमारे 1,300 कामगारांना लागण झाली आणि त्यातले चार जण दगावले, असं पुढे सरकारी तपासणीत नोंदवलं गेलं.

या कारखान्यापासून सव्वा तासाच्या अंतरावर, आयोवा राज्याच्या वायव्य कोपऱ्यात सू काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग. लोकसंख्या 36 हजारांच्या आत, क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, मुख्य गाव ऑरेंज सिटी. 1870 मध्ये डच वंशाच्या लोकांनी वसवलेला हा मुलूख. इथे डुकरांची संख्या दहा लाखांहून अधिक आहे, म्हणजे दर माणशी तीसेक. आयोवा हे अमेरिकेतलं सर्वांत मोठं वराहपालक राज्य आणि त्या राज्यातही ही काउंटी पहिल्या क्रमांकाची. शिवाय मांसासाठी पोसली जाणारी गुरं आहेत, दुभती गुरं आहेत, मका आणि सोयाबीन आहेच.

ईस्टरनंतरच्या सोमवारी इथल्या शेतकऱ्यापुढे पहिला प्रश्न जागेचा उभा राहिला. ट्रकमध्ये चढवायची डुकरं आता ठेवायची कुठे? आठवडाभरात मिनेसोटातल्या वर्दिंग्टनचा जेबीएस या मांस कंपनीचा कारखाना बंद झाला, मग आयोवातलाच वॉटर्लूचा टायसनचा. एप्रिलअखेरीस देशातली डुकरं कापण्याची जवळजवळ 40 टक्के क्षमता ठप्प होती. 28 एप्रिलला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी संरक्षण उत्पादन कायद्याखाली मांस कारखाने सुरू ठेवण्याचा आदेश काढला, पण आदेशाने आजारी माणसं कामावर येत नाहीत. कारखाने मे महिन्यात हळूहळू उघडले आणि बराच काळ कमी माणसांवर चालले.

डुकराच्या धंद्यात हा खोळंबा इतका जीवघेणा का ठरतो, हे समजल्याशिवाय पुढचं मदतीचं प्रकरण कळणार नाही. मादी गाभण राहिल्यापासून 114 दिवसांत विते. पिल्लं तीन आठवड्यांच्या सुमारास आईपासून तोडतात, मग ती वाढीच्या शेडमध्ये जातात आणि साधारण सहा महिन्यांची झाली की 280 पौंडांवर, म्हणजे सव्वाशे किलोच्या पुढे, कारखान्यात पोचतात. एप्रिल 2020 मध्ये जी पिल्लं जन्मत होती, त्यांचा गर्भ डिसेंबरमध्ये, वुहानची बातमी जगाला कळण्याआधी राहिला होता. म्हणजे मागून येणारी रांग थांबवायला हातात काहीच नाही. पुढचं शेड रिकामं झालं नाही तर मागच्या पिल्लांना जागा नाही. आणि डुक्कर थांबून राहत नाही, रोज दोन पौंडांच्या आसपास वाढत जातं. 300 पौंडांच्या पुढे गेलं की कारखान्याच्या साखळीला ते जड होतं आणि दर कापला जातो.

आयोवा स्टेट विद्यापीठाच्या पशुपोषण तज्ज्ञांनी त्या आठवड्यांत एक अजब सल्ला दिला: डुकरं वाढू देऊ नका. आयुष्यभर ज्यांनी दिवसाला किती पौंड वजन चढलं याचा हिशेब ठेवला, त्यांनी खुराकातली प्रथिनं कमी केली, चोथा वाढवला, शेडचं तापमान मुद्दाम चढं ठेवलं, म्हणजे जनावर कमी खाईल. ज्यांना तेही जमलं नाही त्यांनी निरोगी जनावरं मारून खड्ड्यात टाकली. दर आठवड्याला देशभरात सात लाख डुकरं कापली जाण्यावाचून राहतील, असं आयोवाच्या गव्हर्नर आणि दोन्ही सिनेटरांनी उपराष्ट्राध्यक्ष पेन्स यांना एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात लिहिलं होतं. या माणसांचं दुःख आपल्याकडे फारसं कोणी वाचलं नसेल. डुकराबद्दल आपल्या मनात काहीही असो, स्वतः पोसलेलं जनावर बाजाराअभावी मारावं लागणं ही शेतकऱ्याची कुठल्याही देशातली शोकांतिका आहे.

मदत कशी ठरली

27 मार्च 2020 रोजी मंजूर झालेल्या केअर्स या महामारी-मदतीच्या कायद्यात कृषिमंत्र्यांच्या हाती शेतकऱ्यांसाठी 9.5 अब्ज डॉलर दिले होते. त्यात कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन या जुन्या सरकारी महामंडळाचे 6.5 अब्ज मिळवून कृषिमंत्री सनी पर्ड्यू यांनी 17 एप्रिलला थेट मदतीची 16 अब्जांची योजना जाहीर केली. नाव कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅम. शेतकरी तिला नुसतं ‘सीफॅप’ म्हणू लागले. 26 मेपासून अर्ज सुरू झाले आणि मुदत वाढत 11 सप्टेंबरपर्यंत गेली.

दोन वेगवेगळ्या खिशांतून पैसा आला, ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट पुढच्या सगळ्या नाराजीचं मूळ आहे. केअर्स कायद्याचा पैसा झालेल्या भावघसरणीसाठी होता. म्हणून तो 15 जानेवारी ते 15 एप्रिल या काळात विकलेल्या मालावर दिला गेला. महामंडळाचा पैसा पुढे माल विकताना येणाऱ्या अडचणीसाठी होता. म्हणून तो 16 एप्रिल ते 14 मे या काळात शेतकऱ्याच्या ताब्यात असलेल्या, न विकलेल्या जनावरांवर दिला गेला. दोन खिशांचे दरही दोन. डुकरांसाठी पहिल्या भागात 120 पौंडांखालच्या पिल्लाला 28 डॉलर, त्यावरच्या जनावराला 18. दुसऱ्या भागात सरसकट 17.

कागदावर हे तर्कशुद्ध दिसतं. सू काउंटीत मात्र ते उलटं पडलं. कत्तलखाने बंद झाले एप्रिलच्या मध्यात. म्हणजे ज्याने फेब्रुवारी-मार्चमध्ये डुकरं विकली, त्याचा भाव थोडाफार पडला होता, पण त्याचा माल निदान गेला होता. ज्याच्याकडे 16 एप्रिलला शेड भरलेलं होतं आणि ट्रक येत नव्हता, खरा फटका त्याला बसला. आणि सर्वांत कमी दर त्याच्याच वाट्याला आला.

गुरांच्या बाबतीत हा फरक डोळ्यांत खुपेल इतका मोठा होता. कापायला तयार झालेला बैल 15 एप्रिलपर्यंत विकला असेल तर 214 डॉलर, त्यानंतर हातात राहिला असेल तर 33. दोनशे बैल घ्या. 14 एप्रिलला विकणाऱ्याला 42,800 डॉलर. त्याच्याच शेजाऱ्याने दोन दिवस थांबायचं ठरवलं तर 6,600. दोघांचा भाव जवळपास सारखा, दोघांचा चारा सारखा. फरक फक्त तारखेचा. तारीख कुठेतरी आखावीच लागते हे मान्य. पण एका तारखेच्या दोन बाजूंना साडेसहा पटींचा फरक ठेवणं, हा निर्णय वॉशिंग्टनमधल्या कायद्याच्या कलमांकडे पाहून घेतलेला होता. शेतातल्या नुकसानीकडे पाहून घेतलेला तो नव्हता, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेजारशेजारची दोन शेड

आता प्रकरणाच्या गाभ्याकडे येतो. सू काउंटीत रस्त्याने जाताना लांबट, पांढरी, पंखे लावलेली शेड एकामागून एक दिसतात. एका शेडमध्ये साधारण 2,400 डुकरं. बाहेरून सगळी सारखीच. समजा, शेजारशेजारी अशी दोन शेड आहेत.

पहिल्या शेडमधली डुकरं शेतकऱ्याच्या मालकीची आहेत. पिल्लं त्याने विकत घेतली, खाद्य त्याचं, बाजारभावाचा धोका त्याचा. दुसऱ्या शेडमधली डुकरं एका मोठ्या कंपनीची आहेत. शेतकऱ्याने बँकेचं कर्ज काढून शेड बांधलं, वीज-पाणी आणि मेहनत त्याची. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनी पुरवते आणि शेतकऱ्याला जागेच्या हिशेबाने ठरलेले पैसे देते. आपल्याकडे ब्रॉयलर कोंबड्यांची करारशेती चालते तसाच हा प्रकार. चिकनमुळे कोरोना होतो या अफवेने 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रातले ज्यांचे शेड रिकामे पडले, त्यांना ही घडी लगेच ओळखीची वाटेल.

पहिल्या शेतकऱ्याचा हिशेब असा. 2,400 डुकरं, प्रत्येकी 17 डॉलर, एकूण 40,800. पैसे पुरतील की नाही याची खात्री नसल्याने कृषी खात्याने आधी 80 टक्केच दिले, म्हणजे 32,640. उरलेले 8,160 नंतर आले. वर्षाच्या उरलेल्या काळात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डुकरामागे सरासरी 37 डॉलर तोटा होईल, असा अंदाज वराहपालकांच्या राष्ट्रीय संघटनेने एप्रिलमध्ये अर्थतज्ज्ञांच्या आधारे मांडला होता. त्या हिशेबाने एका खेपेचा तोटा 88,800 डॉलर. म्हणजे मदत निम्म्याहून कमी. शेडमधून वर्षाला साधारण दोन खेपा निघतात, मोजली गेली एकच.

सप्टेंबरमध्ये दुसरी फेरी आली, कमाल 14 अब्ज डॉलरची. 16 एप्रिल ते 31 ऑगस्ट या काळातल्या कुठल्याही एका दिवशी असलेल्या सर्वाधिक संख्येवर डुकरामागे 23 डॉलर. या शेतकऱ्याला आणखी 55,200 मिळाले. दोन्ही मिळून 96,000. त्याचा श्वास मोकळा झाला असं म्हणायला हरकत नाही. बँकेचा हप्ता गेला, खाद्याची उधारी फिटली. सीफॅपवर टीका करणाऱ्यांनी हे विसरू नये: 2020 च्या उन्हाळ्यात वायव्य आयोवातली कितीतरी वराहपालक कुटुंबं या पैशावर तगली.

दुसऱ्या शेतकऱ्याचा हिशेब एका शब्दात संपतो: शून्य. योजनेची अट होती की मालावर मालकी हवी आणि भावाचा धोका पत्करलेला हवा. करारावर डुकरं पाळणारा यातल्या कशातच बसत नव्हता. कंपनीने नवी पिल्लं पाठवणं लांबवलं, शेड आठवडेच्या आठवडे रिकामं राहिलं, जागेचे पैसे घटले, तरी बँकेचा हप्ता त्याच्याच नावावर. दोन्ही फेऱ्यांत त्याला काही नाही.

त्याच्या शेडमधल्या डुकरांचे पैसे कंपनीला मिळाले असतील, असं वाटणं साहजिक आहे. तसंही पूर्णपणे घडलं नाही. एका व्यक्तीला किंवा संस्थेला मदतीची कमाल मर्यादा अडीच लाख डॉलर होती. शेतीत प्रत्यक्ष राबणारे किंवा व्यवस्थापन पाहणारे तीन भागीदार असतील तर साडेसात लाख. 17 डॉलरच्या दराने अडीच लाखांची मर्यादा 14,700 डुकरांवर संपते. ज्या कंपनीची लाखभर डुकरं निरनिराळ्या शेतकऱ्यांच्या शेडमध्ये आहेत, तिला बहुतेक डुकरांवर काहीच मिळत नाही. म्हणजे करारावरच्या कितीतरी डुकरांची मदत ना पाळणाऱ्याला मिळाली, ना मालकाला. मूळ घोषणेत तर एका पिकापुरती सव्वा लाखाची वेगळी मर्यादा होती. संघटनांच्या दबावाने ती मे महिन्यात काढली गेली. मोठ्यांना आवर घालणारी मर्यादा मला योग्य वाटते. पण वरचा वाटा अडवताना तो खाली कुठे जाईल याची वाट कोणी खोदली नाही.

कार्यालयाच्या दारात

पैसे वाटण्याचं काम कृषी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सी या शाखेच्या काउंटी कार्यालयांवर होतं. या यंत्रणेची घडण चांगली आहे. प्रत्येक कार्यालयावर शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली समिती असते, तक्रार आधी तिच्यापुढे जाते. महामारीत दारं आगंतुकांसाठी बंद होती. काम फोनवर आणि ईमेलवर चाललं, सह्या संगणकावर झाल्या. खात्याने एक्सेलचा तक्ता दिला होता: जनावरांची संख्या भरा, रक्कम आपोआप निघते, अर्ज छापून येतो. कागदपत्रं आधी मागितली नाहीत. शेतकऱ्याने आपणहून संख्या लिहायची आणि ती खरी असल्याची सही करायची. पहिल्या सहा दिवसांत देशभरातल्या 35 हजारांहून अधिक शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे जमा झाले. सरकारी कामात हा वेग विरळा, आणि त्यासाठी त्या कार्यालयांतल्या माणसांना मी मनापासून दाद देतो.

हा वेग शक्य झाला कारण कार्यालयाला शेतकरी आधीपासून माहीत होता. मका-सोयाबीन पिकवणाऱ्याचं शेत, गट, क्षेत्र, बँक खातं, उत्पन्नाचा दाखला हे सगळं वर्षानुवर्षं तिथे नोंदलेलं असतं. पीक अनुदानासाठी तो दरवर्षी येतोच. नुसती डुकरं पाळणाऱ्याचा मात्र या कार्यालयाशी संबंध येण्याचं कारणच नव्हतं. डुकरांना पिकांसारखी सरकारी आधाराची परंपरा नाही. त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली: ग्राहक म्हणून नोंद, भागीदारांची यादी, सरासरी उत्पन्न नऊ लाख डॉलरपेक्षा कमी असल्याची घोषणा किंवा जास्त असेल तर त्यातलं 75 टक्के शेतीतून असल्याचा दाखला, शिवाय धूपप्रवण आणि पाणथळ जमिनीच्या नियमांचं पालन करतो असा फॉर्म, ज्याच्या नावावर नांगरायला एकरही नाही त्यालासुद्धा. यातला एकेक कागद समर्थनीय आहे. सगळे मिळून मात्र नव्याला अडवतात आणि जुन्याला वाट देतात.

दुधाचं काम याउलट सरळ झालं. पहिल्या तिमाहीत किती दूध घातलं याची चिठ्ठी सहकारी संघाकडून मिळत होती, आणि दोन्ही खिसे मिळून शंभर पौंडांमागे सुमारे 6.20 डॉलर पडले. चीजच्या दुधाचा भाव मेमध्ये 12.14 डॉलर होता, जूनमध्ये तो 21.04 वर उसळला. दुधाची गाडी लवकर रुळावर आली.

2021: कोणाला आपोआप, कोणाला उशिरा

डिसेंबर 2020 च्या अखेरीस अमेरिकी संसदेने आणखी मदत मंजूर केली आणि करारावर पाळणाऱ्यांचा उल्लेख पहिल्यांदा कायद्यात आला. जानेवारीच्या मध्यात मावळत्या सरकारने तपशील जाहीर केला. डुकरांच्या पहिल्या फेरीच्या 17 डॉलरवर आणखी 17 डॉलर मिळणार होते. आठवड्याभरात सरकार बदललं आणि सगळं थांबवून तपासणी सुरू झाली. नवे कृषिमंत्री टॉम व्हिल्सॅक हे स्वतः आयोवाचे माजी गव्हर्नर, त्यामुळे सू काउंटीत आशा मोठी होती.

24 मार्च 2021 ला निर्णय आला. गुरांच्या पहिल्या फेरीतली तफावत भरून काढण्यासाठी वाढीव रक्कम मिळाली, कापायला तयार बैलामागे 63 डॉलर. देशभरात चार लाख दहा हजारांहून अधिक गुरंपालकांना 1.1 अब्ज डॉलर, तेही नवा अर्ज न करता. 33 आणि 63 मिळूनही 214 च्या निम्म्याला पोचत नाहीत, पण चूक मान्य झाली होती. मका, सोयाबीन वगैरे पिकांना एकरी 20 डॉलर, साडेचार अब्जांहून अधिक, 5 लाख 60 हजारांहून अधिक शेतकऱ्यांना. तेही आपोआप.

डुकरांचे वाढीव 17 डॉलर आणि करारदारांची मदत मात्र अजून स्थगितच आहे, नियम बदलावे लागतील, असं त्याच निवेदनात म्हटलं होतं.

इथे मला सर्वांत जास्त खटकतं. 2021 च्या वसंतात मक्याचा भाव बुशेलला, म्हणजे सुमारे 25 किलोला, पाच डॉलरच्या वर गेला होता, मेमध्ये सात. मका पिकवणाऱ्याला त्या घडीला महामारीच्या मदतीची तातडी नव्हती. डुक्करपालकाला तर तो मका विकतच घ्यायचा होता. तरी पैसा मक्याकडे गेला, कारण मक्याचे एकर दफ्तरात तयार होते, बटण दाबलं की पैसे. आणि ज्याचं शेड वर्षभरापूर्वी रिकामं पडलं होतं त्याच्यासाठी नियमच लिहिलेला नव्हता. कोणी द्वेषाने हे केलं असं मी म्हणत नाही. गरज आणि नोंद यांची फारकत झाली की पैसा नोंदीच्या मागे जातो, आणि सू काउंटीत हे दोनदा घडलं.

व्हिल्सॅक यांनीच त्या मार्चमध्ये सांगितलेला एक आकडा हीच गोष्ट वेगळ्या बाजूने दाखवतो. पहिल्या दोन फेऱ्यांत वाटलेल्या जवळजवळ 26 अब्ज डॉलरपैकी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना फक्त 2 कोटी 8 लाख डॉलर मिळाले, एका टक्क्याचा दहावा भागही नाही. सू काउंटीत हा प्रश्न उभा राहत नाही, तिथले जवळजवळ सगळे जमीनमालक गोरेच आहेत. पण दक्षिणेतल्या ज्या शेतकऱ्यांना ही कार्यालयं पिढ्यान्‌पिढ्या परकी वाटत आली, त्यांच्या वाट्याला जे आलं त्यामागे इतिहासातल्या अन्यायाबरोबरच नोंदीचं हे यंत्रही आहे.

करारदारांसाठी अर्ज सुरू झाले 24 ऑगस्ट 2021 ला, सू फॉल्सचा कारखाना बंद झाल्यानंतर सोळा महिन्यांनी. रचना मात्र चांगली होती. 2020 चं करारातलं उत्पन्न 2018 किंवा 2019 च्या उत्पन्नाशी ताडून पाहायचं आणि घटलेल्या रकमेच्या 80 टक्क्यांपर्यंत मदत द्यायची. डुकरं किती, तारीख कोणती, मालक कोण, यातलं काही विचारायचं नाही. नुकसान किती झालं एवढंच विचारायचं. सगळ्या प्रकरणात प्रत्यक्ष तोट्याच्या सर्वांत जवळ पोचलेला हा नियम. तो इतक्या उशिरा यावा याची हळहळ वाटते. अर्जाची मुदत 12 ऑक्टोबरला संपली. म्हणजे हातात सात आठवडे, आणि ते नेमके मका-सोयाबीनच्या काढणीच्या तोंडावर.

मारून टाकाव्या लागलेल्या जनावरांसाठी स्वतंत्र योजना जुलै 2021 मध्ये आली, बाजारमूल्याच्या 80 टक्क्यांच्या हिशेबाने. त्याआधी, मे 2020 मध्येच, आयोवा राज्याने मृत डुकरांच्या विल्हेवाटीसाठी जनावरामागे 40 डॉलर देऊ केले होते. राज्याच्या या चपळाईचं कौतुकच आहे, खड्डे खणायला, कुट्टी करायला खरोखर खर्च येतो. पण त्या महिन्यात शेडमध्ये उभा राहून दोन आकडे ताडून पाहणाऱ्या शेतकऱ्याचा विचार करा. हातातल्या डुकरामागे केंद्राचे 17, पुरलेल्या डुकरामागे राज्याचे 40.

डुकरांसाठीची पुढची योजना डिसेंबर 2021 मध्ये आली. वाढीव 17 डॉलर बाजूलाच राहिले. त्याऐवजी 16 एप्रिल ते 1 सप्टेंबर 2020 दरम्यान ज्यांनी आगाऊ करार न करता, त्या दिवसाच्या भावाने कारखान्याला डुकरं विकली, त्यांना डुकरामागे 54 डॉलर, जास्तीत जास्त दहा हजार डुकरांसाठी. आधीपासून कारखान्याशी बांधील असलेल्यांचा माल घेतल्यावर उरलेल्या जागेत हे शेतकरी बसायचे, त्यामुळे भावाची सर्वांत वाईट मार त्यांनीच खाल्ली होती. वायव्य आयोवात असे स्वतंत्र विक्रेते अजून शिल्लक आहेत. अर्ज 2022 च्या एप्रिलपर्यंत चालले. नुकसान कोणाचं झालं ते शोधून आखलेली ही योजना होती, आणि तिला दोन वर्षं लागली.

कारखान्यातल्या कामगारांचा उल्लेख केल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही, कारण सगळ्याची सुरुवात त्यांच्या आजारपणातून झाली. मांस कारखान्यातल्या आणि शेतातल्या मजुरांना एकवेळचे 600 डॉलर देण्याची योजना सप्टेंबर 2021 मध्ये जाहीर झाली, तीही स्वयंसेवी संस्था आणि इतर मध्यस्थांमार्फत. जनावराच्या मालकाचा माग सरकारला काही दिवसांत लागला. ते जनावर कापणाऱ्या माणसापर्यंत पोचायला त्याच सरकारला मध्यस्थ शोधावे लागले.

तपासणी, आणि पुढच्या वेळेसाठी

सीफॅपमधून एकूण 31 अब्ज डॉलरच्या आसपास वाटले गेले आणि सर्वाधिक रक्कम मिळवणाऱ्या राज्यांत आयोवा आघाडीवर राहिलं. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने 2022 मध्ये या योजनेचा आढावा घेऊन खात्याला सांगितलं की शेतकऱ्यांना दिलेल्या पैशांची पडताळणी याहून काटेकोर हवी. स्वयंघोषणेवर पैसे दिले की काही आकडे फुगणार, हे उघड आहे. तरीही संकटात आधी द्यावं आणि नंतर तपासावं, हा क्रम मला बरोबर वाटतो. फक्त तपासणीचा खर्च आणि माणसं योजनेच्या पहिल्या दिवसापासून बाजूला काढून ठेवायला हवीत, आणि तपासणी लहान अर्जदारापासून सुरू न होता मोठ्या रकमांपासून व्हायला हवी.

सू काउंटीच्या अनुभवावरून आणखी दोन बदल सुचतात. पैसा कुठल्याही खिशातून आला तरी शेतकऱ्यासाठी दर एक असावा, आणि तारखेच्या दोन्ही बाजूंना तो हळूहळू उतरत जावा. आणि करारावर जनावरं पाळणाऱ्यांची नोंद शांततेच्या काळातच व्हावी: शेड कोणाचं, जागा किती, करार कोणत्या कंपनीशी, वर्षाचं उत्पन्न किती. आयोवात मोठ्या शेडसाठी राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाकडे शेणखताच्या व्यवस्थापनाचा आराखडा तसाही द्यावा लागतो, म्हणजे शेड कुठे आहे आणि किती मोठं आहे हे सरकारच्या एका खात्याला आजही माहीत आहे. ती यादी काउंटी कार्यालयाच्या यादीशी जोडायला नवा कर लागत नाही. दोन खात्यांमधला करार आणि शेतकऱ्याची संमती एवढं पुरेसं आहे. अमेरिकेच्या उंबरठ्यावर आफ्रिकी स्वाइन फीवर येऊन ठेपला आहे, 2021 मध्ये तो डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सापडला. तो आयोवात पोचला तर निर्यात एका दिवसात थांबेल आणि पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या शेडचा मालक कार्यालयात फोन करेल. तेव्हा त्याचं नाव संगणकात असलं पाहिजे.